मंत्र्याच्या नातीनं वाटलेल्या काठ्या

माझं लग्न ठरलं तवा आमच्या किकवीत एकच बोभाटा झाला, शुभांगी मंत्र्याच्या घरात पडली. बापानं पेढे वाटले. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मावशीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "लाल दिव्याची गाडी येती का गं वरातीला?" वरातीला आला दुधाचा टेम्पो. तोबी धुतलेला न्हाई.

आन् घर कसलं! विंझरच्या पुढं एक फाटा लागतो, त्या फाट्यावर पत्र्याचं हॉटेल, मागं शेळ्यांचा गोठा. मंत्र्याची नात चुलीपुढं बसून कांदा चिरत होती. डोळ्यांतनं पाणी, आन् तोंडातनं मिसळीत तर्री कमी हाय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला शिव्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्याच घरावरनं निघाली असणार. म्या तिथंच कपाळाला हात लावला.

त्या माझ्या सासूबाई. नाव रतन. अख्खा तालुका त्यांना रतनआक्का म्हणतो, मी आत्या म्हणते. आमचं पटत न्हाई असं कोणी म्हणलं तर त्याला मी चहा देत न्हाई. आमी भांडतो ती आमची हौस हाय.

आता मंत्री कोण ते सांगते. आत्यांचे आजोबा मानसिंगराव. लई मागं ते उपमंत्री झाले आन् वर्ष भरायच्या आत सरकारच गडगडलं. पण आपल्याकडं एकदा मंत्री झालेला माणूस मेला तरी मंत्रीच असतोय. थोरला मुलगा पुण्याला गेला, जाताना बंगला, जीप आन् बापाच्या ओळखीपाळखी सगळं गोळा करून घेऊन गेला. धाकट्याच्या, म्हंजी आत्यांच्या बापाच्या वाट्याला आला एक फोटो. तो आमच्या हॉटेलात गल्ल्याच्या वर टांगलाय. डोक्याला टोपी, अंगात कोट, हातात मुठीची काठी, आन् चेहरा असा की समोर बसून भजी खायची चोरी.

त्या काठीची गंमत मला आत्यांनी नव्या नवरीच्या हळदीतच सांगितली. काठी भोरच्या फोटोवाल्याची. रिकाम्या हातानं उभा राहिलेला माणूस हात कुठं ठेवू म्हणून गांगरतो, म्हणून तो येईल त्याच्या हातात ती काठी द्यायचा. भोरात त्या काळचे निम्मे फोटो बघा, तीच काठी हाय. "आजोबा जन्मात काठी घेऊन चालले न्हाईत," आत्या म्हणल्या. "कुणाला सांगू नगंस पण. लोकांचा हिरमोड व्हतो."

मंत्र्याची नात असणं म्हंजी काय काम असतंय, तेबी ऐका. जयंती असो, पुण्यतिथी असो, कुणाच्या बी शाळेचं गॅदरिंग असो, आत्यांना स्टेजवर नेऊन बसवत्यात. शाल आन् नारळ देत्यात. भाषणं करणारे त्यांच्याकडं बोट करून मंत्रीसाहेबांच्या आठवणी सांगत्यात, ज्या आत्यांनी कधी ऐकलेल्या नसत्यात. नारळ चटणीला लागत्यात. शालींचं काय करायचं? आत्यांनी त्या फाडून, नाडे लावून शेळ्यांना शिवल्या. थंडीत आमच्या शेळ्या सत्काराला निघाल्यागत दिसत्यात. एकदा एक पुढारी चहाला थांबला, गोठ्याकडं बघत राहिला आन् म्हणला, "आक्का, ही जांभळी शाल मी..." आत्या म्हणल्या, "व्हय साहेब, तुमचीच. तिला बी थंडी वाजती की." त्यानं अर्धा चहा तसाच टाकला.

पण एका माणसापुढं आत्यांचं तोंड चालायचं न्हाई. अंबूबाईपुढं.

फाट्यावरनं एक रस्ता डोंगरावर चढतो. वर धनगरांची वस्ती हाय, शेरडं-मेंढरं, चार म्हशी, भैरवनाथाचं देऊळ. अंबूबाई तिथली. ती आन् आत्या एका वयाच्या. आत्या सहा-सात वर्सांच्या असताना आजोबांनी त्यांना खांद्यावर घेऊन वस्तीवर सभेला नेलं होतं. भैरवनाथापुढं उभं राहून मंत्रीसाहेब बोलले, "पुढच्या वर्षी ह्या देवळापातुर एसटी येईल. आन् पहिल्या गाडीतनं मी स्वतः येईन, ह्या नातीला शेजारी बसवून." लोकांनी भंडारा उधळला. तवा शेंबडी अंबू पुढं आली आन् तिनं विचारलं, "म्हंजी मला साळंत जाता यील?" मंत्रीसाहेब म्हणले, "का न्हाई?"

पुढचं तुमाला ठाव हाय. सरकार पडलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. आत्या खालच्या गावात होत्या म्हणून सातवी शिकल्या. अंबू मेंढरामागं गेली.

तवापासनं अंबूबाई लोणी घेऊन फाट्यावर उतरली की पाटी खाली ठेवायच्या आधी विचारणार, "काय गं मंत्र्याचे, गाडी आली का?" आन् दोघी हसणार. लग्नं झाली, पोरं झाली, अंबूबाईचे गुडघे गेले, केस पिकले, पण प्रश्न तोच. आत्या हसायच्या, पण त्यांना ते लागायचं. अंबूबाई डोंगर चढायला लागली की आत्या फोटोकडं बघून चिडून पुटपुटायच्या, ते काय असायचं ते मी लिहिणार न्हाई. वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये.

आता काठ्यांचं. लई वर्सांमागं दूधवाले संजयराव पंचायत समितीला उभे होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, मंत्रीसाहेबांची फोटोतली काठी घरात आणली की माणूस पडत न्हाई. आले हॉटेलात, आत्यांच्या पायाशी बसले. आत्यांनी खरं ते सांगितलं, की बाबा, काठी न्हाईच. संजयरावांचा विश्वासच बसंना. "आक्का, तुमी ती दुसऱ्या कुणाला द्यायला लपवलीया," म्हणले, आन् डोळ्यांत पाणी आणलं. खरं बोललं की माणसं असं करत्यात बघा. शेवटी आत्या वैतागल्या. गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेली, अंबूबाईच्या नवऱ्यानं करून दिलेली मुठीची काठी काढून त्यांच्या हातात ठेवली आन् म्हणल्या, "न्या. पण निवडून आलात की वस्तीवर एसटी आणायची."

"झालंच समजा," संजयराव म्हणले.

निवडून आले. एसटी काय आली न्हाई. पण काठीचा बोलबाला झाला. पुढच्या खेपेला दुसऱ्या पक्षाचा माणूस आला, त्याच्या पुढं तिसरा. मग आत्यांनी अंबूबाईच्या नवऱ्याला, गेनबाला, हाताशी धरलं. तो डोंगरातनं काठी तोडायचा, शेकून मूठ वाकवायचा, आन् आमच्या चुलीवर धुरात ती टांगून ठेवायचा. वरनं तेल चोळलं की कालची काठी मंत्रीसाहेबांच्या बापाची वाटायला लागायची. प्रत्येकाला आत्या तेच सांगायच्या: ही एकुलती एक हाय, तुमच्यावर जीव हाय म्हणून देते, कुठं बोलू नका, आन् वस्तीवर एसटी आणा. प्रत्येकजण म्हणायचा, झालंच समजा. प्लॉटिंगवाले पप्पूशेठ तर पडले, तरी पेढे घेऊन आले. म्हणले, "काठी होती म्हणून डिपॉझिट वाचलं."

मी म्हणायची, "आत्या, पाप लागंल." त्या म्हणायच्या, "त्यांनी एसटी आणली की माझं पाप फिटंल. न्हाई आणली तर आमी दोघं बी खोटं बोललो, हिसाब बरोबर."

अशानं वर्सं गेली. वस्तीचा रस्ता डांबरी झाला. तरी गाडी न्हाई. डेपोवाले म्हणायचे, माणसं कुठं हायेत वर? माणसं म्हणायची, गाडी न्हाई तर माणसं राहतील कशी?

परवाच्या उन्हाळ्यात अंबूबाईची नात प्रांजल दहावी झाली. हुशार पोर. खालच्या शाळेत रोज डोंगर उतरून यायची, आमच्या हॉटेलात पायातला चिखल धुवायची आन् मग वर्गात जायची. तिला नसरापूरच्या कॉलेजात अकरावीला जायचं होतं. तिचा बाप रायबा म्हणला, "न्हाई. पहाटं अंधारात डोंगर उतरायचा, फाट्यावरनं गाडी धरायची, आन् संध्याकाळी अंधारात पुन्हा चढायचं. पोरीची जात हाय. सारोळ्याची सोयरीक आलीया, बोलून ठेवतो, अठरा भरली की उरकून टाकतो." रायबा वाईट माणूस न्हाई. त्यानं पोरीसाठी मोटारसायकल घ्यायचा बी विचार केला होता, पण मेंढरं घेऊन तो सहा महिने बाहेर, चालवणार कोण?

हे सांगायला अंबूबाई खाली आली. पाटी ठेवली, बाकड्यावर बसली, सगळं सांगितलं, आन् उठून चालायला लागली. गाडी आली का ते तिनं विचारलंच न्हाई. आत्या तिच्या पाठमोऱ्या पातळाकडं बघत राहिल्या. भजी करपली. मी ओरडले तरी त्यांना ऐकू गेलं न्हाई. त्या दिवशी त्या जेवल्या न्हाईत.

आन् बघा, दैवाची बी कशी थट्टा असती, त्याच आठवड्यात आत्यांचे पुण्याचे चुलतभाऊ आले. तालुक्याच्या गावाला मंत्रीसाहेबांचं स्मृतिदालन बांधलं होतं, त्याचं उद्घाटन. आत काचेची पेटी केली होती, खाली मखमल. "काठी कुणाकडं हाय गं रतन?" त्यांनी विचारलं. "पेटी तिच्यासाठीच केलीया. जाहीर आवाहन केलंय, ज्याच्याकडं असंल त्यानं आणून द्यावी, मोठा सत्कार करू."

मी चहा गाळत होते, गाळणं हातातनं पडलं. आत्या मात्र म्हणल्या, "येईल की. का न्हाई येणार?"

उद्घाटनाला मी बी गेले. जीव मुठीत धरून पहिल्या रांगेत बसले. सूत्रसंचालकानं घसा खाकरून काठीचं आवाहन केलं आन् संजयराव हार घातलेली काठी घेऊन उठले. टाळ्या पडतायत तोवर मागनं पप्पूशेठ उठले, त्यांची काठी रेशमी पिशवीत. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. मग उजव्या बाजूनं एक, डाव्या बाजूनं एक, आन् एक तर स्टेजवरच बसले होते, त्यांनी खुर्चीखालनं काढली. पाच काठ्या, पाच पक्ष. सगळ्या एका घाण्यातनं काढल्यागत सारख्या, कारण गेनबाचा हात एकच. मांडवात कुणीतरी खुसकन हसलं, मग कुणीतरी मोठ्यानं हसलं. "माझी खरी!" "तुझी दुकानातली असंल!" अशी जुंपली की माईकवाल्यानं आवाज बंद केला, तरी ऐकू येत होतं.

शेवटी चुलतभाऊ घाम पुसत आत्यांकडं वळले. "रतन, तूच सांग. खरी कोणती?"

म्या मनात म्हणलं, गेली आता आमची अब्रू, उद्यापासनं हॉटेल बंद. आत्या सावकाश उठल्या. पदर सारखा केला. काठ्यांपुढनं एक चक्कर मारली, एक उचलून हुंगली सुद्धा. मग माईक हातात घेतला.

"आजोबांची काठी मी डोळं झाकून वळखीन," त्या म्हणल्या. "पण हितं न्हाई. आजोबांनी वस्तीवर भैरवनाथापुढं शब्द दिला होता, की पहिल्या एसटीतनं मी हितं येईन. त्यांचं येणं राहिलं. तवा त्यांच्या काठीनं तरी गेलं पायजे. येत्या रविवारी ज्याला वाटतं आपली खरी, त्यानं ती एसटीत बसवून वस्तीवर आणावी. माझ्या गाडीनं न्हाई, तुमच्या गाडीनं न्हाई, एसटीनं. देवापुढं मी सांगते. आन् ज्याची खोटी असंल त्यानं भैरवनाथापुढं यायची छाती करावी का न्हाई, ते त्याचं त्यानं बघावं."

आता कोण मागं सरणार? मागं सरला तो खोटा ठरला. पाचही जण "येणार! येणार!" म्हणून ओरडले. मी तोंडात पदर कोंबून हसत होते आन् डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते भीतीचं का कसलं, मला सांगता येणार न्हाई.

सभेचा व्हिडिओ संध्याकाळपातुर सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. मग काय फोन झाले, कुणी कुणाला दम दिला, कुणी कुणाचे पाय धरले, ते त्यांचं त्यांना माहीत. इतकी वर्सं जिथं एक गाडी चढत नव्हती तिथं रविवारी दोन चढल्या. एक पप्पूशेठनी आणलेली, झेंडूच्या माळा लावलेली. एक संजयरावांनी आणलेली, पहिलीच्या मागं हॉर्न वाजवत. बाकीचे तिघं कसेबसे उभं राहून, काठ्या छातीशी धरून. वर देवळापाशी एकाच गाडीला वळायला जागा, म्हणून दुसरी उलटी उतरवायला लागली आन् संजयराव खिडकीतनं डोकं काढून "मागं घे, मागं घे" करत पुन्हा खाली गेले, आन् मग काठी टेकत पायी वर आले. वस्तीवरची म्हातारी माणसं इतकी हसली की गेनबाची कवळी पडली. गेनबा आपल्या हातच्या पाचही काठ्यांकडं असा बघत होता, जशा पोरी सासरहून आल्यात.

आत्यांनी पाचही जणांना एकेक करून देवळात बोलावलं. दार लोटून घेतलं. प्रत्येकजण आत जाताना घाबरलेला, बाहेर येताना मिशीत हसणारा. पाचवा बाहेर आला तवा आत्यांनी जाहीर केलं, "देवानं कौल दिलाय. ज्याला कळायचं त्याला कळलं. आता ह्यावर भांडण न्हाई." आन् गंमत म्हंजी कुणी भांडलंच न्हाई. पाचही जण एकमेकांकडं कीव आल्यागत बघत होते.

घरी आल्यावर म्या आत्यांना कोपऱ्यात धरलं. "काय सांगितलं खरं बोला."

"प्रत्येकाला सांगितलं, तुमचीच खरी हाय. पण चारचौघांत सांगितलं तर बाकीच्यांची तोंडं पडतील, इलेक्शन तोंडावर आलंय, कशाला वैर? गप घरात ठेवा. फकस्त एवढंच, ही गाडी रोज येत राहिली पायजे. ज्या दिवशी बंद पडंल त्या दिवशी देव मला दुसऱ्याचं नाव सांगंल." आन् त्यांनी कांदा चिरायला घेतला. अशी बाई दिल्लीत जायला पायजे होती, ती कांद्यात वाया गेली असं मला तवा वाटलं.

गाडी लागली. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. काचेच्या पेटीत आता टोपी ठेवलीया. ती कुणाची, ते मला विचारू नका.

पण मला सांगायचंय ते सोमवारचं, रोजच्या गाडीच्या पहिल्या दिवसाचं. हार न्हाई, पुढारी न्हाई. उजाडताना रिकामी एसटी फाट्यावर थांबली. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मला बी ओढून नेलं. तिघांच्या बाकावर खिडकीची जागा त्यांनी मोकळी सोडली, मधे आपण बसल्या, मला पलीकडं कडेला टेकवलं.

कंडक्टर आला. "वस्ती? दोन हाफ?"

"तीन," आत्या म्हणल्या. "दोन हाफ, एक फुल."

त्यानं मोकळ्या जागेकडं बघितलं. "फुल कुणाचं मावशी?"

"माझ्या आजोबांचं. हितं बसलेत. पहिल्या गाडीनं येतो म्हणून वस्तीवर सांगून आलेत."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. म्या खाली बघितलं. तो बिचारा चांगला माणूस, हसून म्हणला, "मग ते पंच्याहत्तरीच्या पुढचे असणार. त्यांना फुकट असतंय."

"फुकट न्हाई," आत्या म्हणल्या. "फुकटचं लई बोलून ठेवलंय त्यांनी. पुरं तिकीट घ्या."

त्यानं तिकीट दिलं. आत्यांनी ते चढणभर मुठीत धरून ठेवलं.

वर देवळापाशी अंबूबाई उभी होती, शेजारी प्रांजल, पाठीला नवी सॅक. रायबा लांब उभा राहून मेंढरांकडं बघितल्यासारखं करत होता. गाडी थांबली. अंबूबाई खिडकीखाली आली, मान वर केली, आन् तिनं विचारलं, "काय गं मंत्र्याचे, गाडी आली का?"

आत्यांना हसता आलं न्हाई. त्या ढसाढसा रडायला लागल्या. सगळ्या तालुक्याला काठ्या देणारी बाई, लहान पोरीगत रडली. अंबूबाई गुडघे धरत, पायरीचा दांडा पकडत वर चढली. म्हणली, "रडती कशाला येडे? चल, मी बी येते नसरापूरला. पोरगी कुठं बसती, वर्ग कसा असतो, एकदा बघून येते."

मग ती त्या खिडकीच्या मोकळ्या जागेपाशी आली आन् थांबली. आत्यांनी डोळे पुसले, तिचा हात धरला.

"बस," त्या म्हणल्या. "त्यांचं गाव आलं. ते उतरले."